किराया कोण देतो, ते आधी पाहा

2021 च्या दिवाळीआधी नागभीडमध्ये, रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मी एक दुमजली इमारत घेतली. खाली दोन गाळे, वर दोन-दोन खोल्यांचे चार ब्लॉक, मागच्या अंगणात बोअर. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्तीला जे हाती आलं ते त्यात गेलं. कमी पडले ते पंधरा लाख मुलाला सहअर्जदार करून बँकेतून काढले. ही चूक मी कशी केली ते सविस्तर सांगतो, कारण माझ्यासारखे निवृत्त शिक्षक, वनखात्यातले लोक आणि धान विकून पैसा गाठीशी बांधलेले शेतकरी आजही तशाच इमारती पाहत फिरताना दिसतात.

मी गेलो तेव्हा वरचे चारही ब्लॉक भरलेले होते. नागपूर-नागभीड ही शंभरेक किलोमीटरची छोटी लाईन नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी ब्रॉडगेजचं काम निघालं. त्या कामावरच्या एका उपकंत्राटदाराने चारही ब्लॉक आपल्या माणसांसाठी घेतले होते. ब्लॉकमागे सहा हजार, गाळ्यांचे पाच-पाच हजार, मिळून महिन्याला चौतीस हजार. मालकाने चौतीस लाख सांगितले, बत्तीस लाखांत सौदा ठरला. मी वहीत मांडणी केली: वर्षाचा किराया चार लाख आठ हजार, म्हणजे बत्तीस लाखांवर पावणेतेरा टक्के. बँकेत तेव्हा याच्या निम्मंही मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी इसार दिला.

समोरच्या पानठेल्यावरचा माणूस तेव्हाच म्हणाला होता, "गुरुजी, हे कामावरचे लोकं आहेत, गावातले नाहीत." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बत्तीस लाखांच्या व्यवहारातला सगळ्यात मोलाचा सल्ला तोच होता, आणि तो फुकट मिळाला होता.

मार्च 2023 मध्ये, होळीच्या सुटीला गेलेली ती माणसं परतलीच नाहीत. काम पुढच्या टप्प्यावर सरकलं होतं. करार शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर केलेला, नोंदणी नाही, सूचनेची मुदत लिहिलेली नाही. शेवटच्या महिन्याचा किराया बुडाला, चार मीटरांची थकीत बिलं मी भरली. त्यानंतर पाच महिने वरचा मजला बंद होता. नंतर किरायदार मिळाले ते साडेतीन हजारांनी, कारण नागभीडमध्ये दोन खोल्यांचा खरा भाव तोच होता. सहा हजार हा कंत्राटदाराच्या घाईचा भाव होता. वर्दळ कमी झाल्यावर गाळेवाल्यांनीही चार-चार हजारांवर आणलं.

आता आजचा हिशेब. सगळं भरलेलं असेल तर महिन्याला बावीस हजार, वर्षाला दोन लाख चौसष्ट हजार. पण सगळं कधीच भरलेलं नसतं. सरकारी नोकरांच्या बदल्या उन्हाळ्यात होतात, शिकणारी मुलं परीक्षा झाली की गावी जातात. वर्षात सरासरी दोन महिन्यांचं उत्पन्न मी बुडालेलं धरतो, म्हणजे उरले दोन लाख वीस हजार. त्यातून घरपट्टी, बोअरची मोटर आणि जिन्याचे दिवे, एक ब्लॉक रिकामा झाला की चुना-रंग, स्लॅबची गळती हे सगळं मिळून साठ हजार. हाती एक लाख साठ हजार. आणि माझे गेलेले पैसे बत्तीस लाख नव्हेतच: मुद्रांक, नोंदणी आणि पहिल्याच पावसाळ्यात गच्चीला केलेलं काम धरून ते साडेपस्तीस लाखांच्या आसपास जातात. म्हणजे साडेचार टक्के. कर्जाचा हप्ता महिन्याला एकोणीस हजार, वर्षाला दोन लाख अठ्ठावीस हजार. इमारत स्वतःचा हप्ता भरू शकत नाही. उरलेले अडुसष्ट हजार दरसाल माझ्या पेन्शनमधून जातात.

हाच हिशेब इसाराआधी उलट्या बाजूने करायला हवा होता. किरायाची इमारत म्हणजे डोकेदुखी आहे, धोका आहे, गरज पडली तर महिनाभरात मोडता येत नाही. म्हणून ठेवीपेक्षा थोडं जास्त मिळालंच पाहिजे. मी आठ टक्के धरतो. हाती उरणारे एक लाख साठ हजार हे आठ टक्के असतील, तर मूळ रक्कम वीस लाख. तेवढीच त्या इमारतीची किंमत होती, आणि त्यातही मुद्रांक-नोंदणीचा खर्च आत धरायचा. मालक काय सांगतो, शेजारचा प्लॉट कितीला गेला, रेडी रेकनरचा दर काय, यांतलं काहीही किराया वाढवत नाही. रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो.

"जागेचा भाव तर वाढतो ना?" असं मला अनेक जण विचारतात. वाढतो, पण जमिनीचा. स्लॅबचं वय वाढतं तशी बांधकामाची किंमत उतरते. भाव वाढेल या आशेनेच घ्यायचं असेल तर मोकळा प्लॉट घ्यावा, त्याला गच्ची नसते. रेल्वेच्या बाबतीत तर मी उलटाच विचार करायला हवा होता. गाडी जलद झाली की गाव वाढेल, हे खरं असू शकतं. पण मुख्यालयी राहण्याचा नियम असूनही आमच्याकडचे कितीतरी कर्मचारी नागपूर, ब्रह्मपुरीहून अपडाऊन करतात. चांगली गाडी मिळाली तर अपडाऊन करणारे वाढतील, आणि नेमके तेच माझे किरायदार होणार होते. घोडाझरी अभयारण्याच्या पर्यटकांच्या भरवशावर खोल्या बांधायला निघालेल्यांनाही माझं हेच सांगणं आहे: पर्यटक सुटीला येतो, हप्ता दर महिन्याला येतो.

म्हणून इमारत पाहायला जाल तेव्हा आधी माणसं पाहा. प्रत्येक किरायदाराला दोन गोष्टी विचारा: पगार कुठून येतो, आणि इथेच का राहता. गडचिरोलीत विद्यापीठ आहे, जिल्ह्याची कार्यालयं आहेत; ब्रह्मपुरीत महाविद्यालयं आणि दवाखाने आहेत. तिथे एक किरायदार गेला तर दुसरा येण्याचं कारण शिल्लक राहतं. एकाच कंत्राटावर, एकाच कंपनीवर भरलेली इमारत दिसली, की ती रिकामी आहे असं धरूनच भाव करा. मग महावितरणची मागच्या वर्षाची बिलं मागा. खोली बंद होती की चालू, हे मीटरचे युनिट सांगतात. त्यात मालकाला काही घालता-काढता येत नाही. आणि किराया विचारायचा तो शेजारच्या चार घरी, मालकाकडे नव्हे.

कागदांच्या बाबतीत माझं नशीब बरं होतं, पण आपल्याकडे कागदांत फसलेले लोक माझ्यापेक्षा जास्त बुडतात. ग्रामपंचायतीच्या किंवा नगर परिषदेच्या कर आकारणीत नाव आहे म्हणून कुणी मालक होत नाही. सातबारा किंवा आखीव पत्रिका, फेरफार आणि मोजणी पाहिल्याशिवाय पैसे हलवू नका. जमीन आदिवासी खातेदाराची आहे का, भोगवटादार वर्ग 2 ची आहे का, हे तलाठ्याकडे विचारा. अशी जमीन परवानगीशिवाय घेतली तर व्यवहार टिकत नाही. झुडपी जंगल ही नोंद तर पूर्व विदर्भाचीच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जमीन वनजमीनच असल्याचा निकाल दिला. रस्त्यालगत स्वस्तात मिळणारा प्लॉट स्वस्त का आहे, याचं उत्तर कधी कधी त्या एका नोंदीत असतं. किरायदाराचा करार मात्र आता मी नोंदवूनच घेतो, आणि दोन महिन्यांच्या सूचनेची अट त्यात लिहितो.

गेल्या महिन्यात आरमोरीचे एक सेवानिवृत्त वनपाल माझ्याकडे आले. त्यांच्या मनात तिथली एक इमारत भरली होती, मालक अठ्ठावीस लाख म्हणत होता. मी माझी वही त्यांच्यापुढे उघडली, 2021 चं पान आणि 2023 चं पान शेजारी शेजारी दाखवलं. त्यांनी तिथेच बसून त्यांच्या इमारतीचे आकडे मांडले. किराया धरला, दोन महिने कापले, खर्च कापला, आठ टक्क्यांनी भागलं. उत्तर साडेसतरा लाख आलं. ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्यातले तीन ब्लॉक एकाच शाळेच्या मास्तरांनी घेतलेत. ती शाळा पुढच्या वर्षी सुरू राहते का, ते आधी विचारून येतो."