लक्ष्य म्हणजे ऑर्डर नव्हे! सरकारचं सौर धोरण व्यावसायिकाने कसं वाचावं?



‘सर, सरकार सोलरवर एवढा भर देतंय, पॅनल बसवायचा धंदा सुरू करू का?’ हा प्रश्न सध्या वारंवार येतो. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा कष्टाने साठवलेले पाच-सात लाख असतात. ते धंद्यात घालण्याआधी धोरणाला चार प्रश्न विचारायचे.

1. आकडा कुणासाठी आहे?

2015 मध्ये केंद्र सरकारने ठरवलं, की 2022 पर्यंत 175 गिगावॅट नवीकरणीय वीजक्षमता उभी करायची. सौर 100, पवन 60, बायोमास 10, लघुजलविद्युत 5. सौरच्या 100 पैकी 40 गिगावॅट छतांवर येणार होते. मुदत संपली तेव्हा मोठे सौर प्रकल्प बरेच पुढे गेले होते, पण छतांवर 40 च्या एक तृतीयांशही काम झालं नव्हतं.

आता लक्ष्य आहे 2030 पर्यंत 500 गिगावॅट. पण त्यात मोठे सौर-पवन प्रकल्प, धरणांवरची वीज, अणुवीज सगळं येतं. तुमच्या तालुक्यातली छतं हा त्यातला छोटा तुकडा. म्हणून बातमीतला मोठा आकडा सोडा, आपल्या तुकड्याचा शोधा.

2. पैसा कुणाच्या हातात, आणि केव्हा?

छतांसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्य घर’ योजना आली. एक कोटी घरं, 75,021 कोटींचा खर्च. 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी. पण ती ग्राहकाच्या बँक खात्यात येते, आणि तीही प्रकल्प चालू होऊन तपासणी झाल्यावर.

आता बघा. ग्राहक म्हणाला, ‘सबसिडी आली की उरलेले देतो.’ तुम्ही मान डोलावली. असे दहा ग्राहक झाले की 7,80,000 रुपये अडकले! ऑर्डर भरपूर, गल्ला रिकामा. पॅनलवाला मात्र आधी पैसे मागतो. त्यामुळे उधारीची मर्यादा आधीच ठरवा. ग्राहकाला बँकेच्या विनातारण कर्जाची वाट दाखवा, तुम्ही त्याची बँक होऊ नका.

3. नियम कुणाचा?

सबसिडी दिल्लीची, पण विजेचा दर आणि नेट मीटरिंगचे नियम राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. दुकान किंवा कारखान्याच्या छताला या योजनेची सबसिडी नाहीच. तिथे ग्राहक दोन गोष्टी बघतो: बिलात किती वाचतं, आणि आयकरात 40 टक्के दराने मिळणारा घसारा. दर बदलला की त्याचे पैसे किती वर्षांत वसूल होणार, हा हिशेब बदलतो. म्हणून आयोगाचा नवा दर आदेश आला की जुनी कोटेशन्स पुन्हा तपासा.

4. मुदत संपल्यावर काय?

ही योजना 2026-27 पर्यंतची आहे. पॅनल मात्र 25 वर्षं छतावर राहणार. धूळ बसणार, इन्व्हर्टर बिघडणार, अर्थिंग तपासावं लागणार. योजनेत पहिली पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याच्याच माथी असते, तो खर्च कोटेशनमध्ये धरला नाही तर नफा तिथेच जातो. पाच वर्षांनंतर तीच देखभाल तुमचं वार्षिक कराराचं उत्पन्न होऊ शकते. सबसिडी गेली तरी हे काम राहतं.

लक्षात ठेवा, धोरण वारा कुठल्या दिशेने आहे ते सांगतं. होडी आपलीच, आणि तिला भोक आहे का हेही आपणच बघायचं.

आजचा गृहपाठ: एका कागदावर चारही प्रश्नांची उत्तरं लिहा. मग त्याखाली एकच हिशेब मांडा: सबसिडी तीन महिने उशिरा आली, तर माझं दुकान चालेल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर आधी सबसिडी नसलेल्या दोन-तीन ग्राहकांपासून सुरुवात करा.