घराजवळचं झाड पाडायचं आहे? कामाआधी, कामात आणि कामानंतर काय पाहावं



9 एप्रिल 2023. रविवारची संध्याकाळ. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस गावी बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस सुरू झाला म्हणून माणसं टिनाच्या शेडखाली आसऱ्याला गेली, आणि जुनं कडुनिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं. सात जणांचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले.

वाशीम जिल्ह्यातही चैत्र-वैशाखात असंच वारं सुटतं. आपल्या गावांत घराला लागून कडुनिंब, चिंच, बाभूळ, सुबाभूळ असतंच. सावली देणारं झाड कोणी हौसेनं पाडत नाही. पण पाडायची वेळ आलीच, तर चार गोष्टी माहीत हव्यात : झाड खरंच धोक्याचं आहे का, परवानगी कोणाची, काम करणारा कसा निवडायचा आणि लाकडाचा हिशोब कसा करायचा. हा पाठ गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

१. आधी ठरवा : झाड पाडायचं की छाटायचं?

घाई करू नका. झाडाभोवती एक चक्कर मारा आणि हे पाहा :

• झाड पहिल्यापासून तिरपं आहे, की अलीकडे झुकलं आहे? जुनं तिरपं झाड बहुतेक वेळा पक्कं असतं. नव्यानं झुकलेलं झाड धोक्याचं.
• बुंध्याजवळची माती एका बाजूनं उचलली आहे का? भेगा पडल्या आहेत का? तसं असेल तर मुळं सुटत आहेत असं समजा.
• बुंध्याला कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या आहेत का? आत कूज लागल्याची ती खूण असते.
• खोडावर हातोडीनं टकटक करा. पोकळ आवाज आला तर जाणत्या माणसाला दाखवा.
• नाली, रस्ता किंवा पायवा खोदताना एका बाजूची मोठी मुळं तोडली होती का?

झाड वाळलं असं वाटलं तर नखानं किंवा चाकूनं कोवळ्या फांदीची साल थोडी खरवडा. आतून हिरवं आणि ओलं निघालं तर झाड जिवंत आहे. हे कडुनिंबासाठी विशेष लक्षात ठेवा. अलीकडे बुरशी आणि किडीमुळे कडुनिंबाचे शेंडे जळाल्यासारखे तपकिरी होतात. लोक म्हणतात, "गेलं झाड, पाडून टाका." पण अशी बरीच झाडं पुन्हा फुटतात. एक पावसाळा वाट पाहायला काय हरकत आहे?

फक्त छपरावर आलेली एखादी फांदी त्रास देत असेल तर तेवढीच छाटून घ्या. मात्र एकाच बाजूच्या साऱ्या फांद्या तोडू नका. झाडाचा तोल जातो आणि पुढच्या वाऱ्यात ते दुसऱ्या बाजूला येतं.

२. परवानगी : आपलं झाड असलं तरी विचारावं लागतं

"झाड माझ्या अंगणातलं, मग कोणाला विचारायचं?" असं पुष्कळ जणी म्हणतात. नियम असे आहेत.

खेड्यात : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 हा कायदा लागू आहे. त्याच्या अनुसूचीत झाडांची यादी आहे. त्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन अशी झाडं येतात. यातलं झाड स्वतःच्या वावरात, धुऱ्यावर किंवा अंगणात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यासाठी आपल्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा.

याच कायद्यात आपल्या बाजूची तरतूदही आहे. झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्यानं पडलेलं असेल, अथवा त्यापासून जीविताला किंवा मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारता येत नाही. म्हणून अर्जात "झाड तोडायचे आहे" एवढंच लिहू नका. "झाड घराच्या भिंतीपासून अमुक फुटांवर आहे, घराकडे झुकले आहे, घरात इतकी माणसे राहतात," असं स्पष्ट लिहा आणि फोटो जोडा.

शहरात : वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या नगरपरिषदांच्या हद्दीत नागरी क्षेत्रासाठीचा 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. तिथे कडुनिंब असो की चिंच, अर्ज नगरपरिषदेकडेच करायचा. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण मिळालं आहे.

अर्जासोबत घराचा नमुना 8 चा उतारा, वावरातलं झाड असेल तर सात-बारा, आधारची प्रत आणि फोटो ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. झाड दोन घरांच्या सीमेवर असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आधीच घ्या. रस्त्याच्या कडेचं किंवा गावठाणातलं सार्वजनिक झाड आपलं नसतं. त्यासाठी ग्रामपंचायतीला किंवा रस्ता ज्या खात्याचा आहे त्या खात्याला अर्ज द्यायचा.

परवानगी "व्यापारी काढून आणतो" असं सांगितलं तरी कागद स्वतः पाहिल्याशिवाय झाडाला करवत लावू देऊ नका. झाड आपलं म्हणून जाबही आपल्यालाच विचारला जातो. साग वगैरे लाकूड गाडीत भरून न्यायचं असेल तर वन विभागाचा वाहतूक परवानाही लागतो.

३. काम करणारा कसा निवडायचा?

निदान दोघांना झाड दाखवा आणि दोघांचे भाव विचारा. फोनवर भाव ठरवू नका. चांगला कामगार आल्यावर आधी वर पाहतो, मग खाली पाहतो. तार कुठून गेली, घर किती दूर, झाडाचा भार कोणत्या अंगाला, पोळं आहे का, हे तो स्वतःहून विचारतो. आल्या आल्या "उद्या पाडून देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

त्याला हे विचारा :

• किती माणसं येणार? एकट्यानं हे काम होत नाही. वर एक असेल तर खाली दोर धरायला आणि माणसं अडवायला निदान दोघं हवेत.
• दोर, कमरेचा पट्टा, हेल्मेट, चष्मा, बूट आहेत का?
• झाड सरळ पाडणार की तुकड्यातुकड्यानं उतरवणार?
• भिंत, पत्रे किंवा शेजाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार?
• फांद्या-पाला कोण उचलणार? बुंधा किती उंचीवर कापणार?
• मजुरांचा विमा आहे का? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती मृत्यूचं संरक्षण मिळतं. 18 ते 70 वयाच्या बँक खातेदाराला ते घेता येतं. गटातल्या ज्या ताईंचे घरधनी असं काम करतात, त्यांनी हे आजच तपासावं.

ठरलेलं सारं एका कागदावर लिहा. दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार घ्या. पूर्ण पैसे आधी देऊ नका. थोडी उचल द्या, बाकी काम संपल्यावर आणि जागा साफ झाल्यावर.

४. कामाच्या दिवशी काय होतं?

वीज : तार जवळ असेल तर महावितरणला आधीच अर्ज द्या आणि पुरवठा कधी बंद होणार ते ठरवून घ्या. तक्रारीसाठी 1912 हा क्रमांक आहे. "लाइट गेलीच आहे, उरकून घ्या" असं कधीही करू नका. गेलेली लाइट कोणत्याही क्षणी येते. महावितरणच्या माणसानं लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत झाडावर कोणी चढायचं नाही.

आग्या मोहोळ आणि घरटी : मोहोळ असेल तर जाणत्या माणसाकडून ते आधी काढून घ्या. करवतीच्या आवाजानं माशा उठल्या तर वरचा माणूस उडी मारतो आणि खाली लेकरंही सापडतात. घरट्यात अंडी-पिल्लं असतील आणि झाड आजच पडेल असं नसेल, तर काही आठवडे थांबा.

मोकळी जागा : झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात बाहेरचं कोणी नको. उंची मोजायची सोपी रीत आहे. हात समोर ताठ करा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढी लांबी, तेवढी काडी मुठीवर उभी धरा. आता मागे मागे जा. काडीचं खालचं टोक बुंध्याशी आणि वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे साधारण झाडाची उंची. तेवढ्यात घर, गोठा किंवा तार येत असेल तर झाड सरळ पाडता येत नाही, तुकड्यानं उतरवावं लागतं. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात. भाव जास्त का सांगितला, ते इथे कळतं.

तुकड्यानं उतरवताना आधी खालच्या आणि बाजूच्या फांद्या निघतात, प्रत्येक मोठी फांदी दोरानं बांधून हळू खाली येते. मग शेंडा, आणि शेवटी खोड वरून खाली. मोकळ्या जागेत सरळ पाडताना ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी तिरपी खाच घेतात. मग मागच्या बाजूनं कापत येतात आणि मध्ये थोडं लाकूड न कापता ठेवतात. ते बिजागरीसारखं काम करतं आणि झाडाला दिशा देतं. कोणी एकाच बाजूनं आरपार कापत असेल, तर काम थांबवायला सांगा.

जेसीबीनं धक्का देऊन घराजवळचं झाड पाडू देऊ नका. धक्क्यानं वरचा वाळलेला शेंडा तुटून चालकावरच येऊ शकतो, आणि मुळांसोबत पायवाही हलतो. वारं सुटलं, पाऊस आला तर काम बंद. लेकरं, म्हातारी माणसं, जनावरं आधीच दुसरीकडे हलवा. कोणी जखमी झालं तर 108 वर फोन करा.

५. लाकडाचा हिशोब आपणच करा

"ताई, पैसे देऊ नका, लाकूड आम्ही नेतो." हे ऐकायला बरं वाटतं. कधी तो सौदा खरंच रास्त असतो, पण मोजल्याशिवाय कळणार कसं? वखारीत खोड घनफुटात असं मोजतात : खोडाच्या मध्यभागी दोरीनं घेर घ्या. घेराला 4 नं भागा. आलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा. मग लांबीनं गुणा.

समजा मधला घेर 6 फूट आणि लांबी 10 फूट आहे. 6 भागिले 4 म्हणजे दीड. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. सव्वादोन गुणिले 10 म्हणजे साडेबावीस घनफूट.

आता तोच घेर व्यापाऱ्यानं बारीक टोकाला घेतला आणि तो 5 फूट भरला, तर हिशोब साडेपंधराच्या आसपास येतो. एका खोडात सुमारे 7 घनफूट गेले! शिवाय या रीतीत गोल खोडाचा पाचवा हिस्सा तसाही कमी धरला जातो, कारण चिरताना साल आणि कडेच्या फळ्या वाया जातात. म्हणून "घट" म्हणून पुन्हा कापायला लागला तर विचारा, "भाऊ, घट तर मापातच आली ना?"

जळतणाचं लाकूड वजनावर जातं. ते काट्यावर मोजून घ्या. मग लाकडाची किंमत एकीकडे आणि मजुरी दुसरीकडे लिहा. जे जास्त असेल त्याप्रमाणे पैसे द्यायचे की घ्यायचे, हे आपोआप दिसेल.

६. झाड गेल्यानंतर

आपली जमीन काळी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मोठं झाड रोज जमिनीतलं पाणी ओढत असतं. ते गेल्यावर जवळची माती जास्त ओली राहून फुगू शकते. म्हणून पुढचे एक-दोन पावसाळे भिंतीच्या भेगांवर लक्ष ठेवा आणि छपराचं पाणी पायव्यापासून दूर काढा. बुंधा भिंतीला लागून असेल तर उपटू नका, जमिनीसरशी कापून ठेवा. कडुनिंब, सुबाभूळ बुंध्यातून पुन्हा फुटतं. नको असेल तर कोंब लहान असतानाच खुडत राहा. विहिरीजवळ बुंध्यावर विषारी औषध ओतू नका. मुळं कुजून खड्डा पडला तर माती भरून घ्या, नाहीतर जनावराचा पाय जातो.

आणि दुसरं झाड लावा. परवानगीत तशी अट असेल तर ती पाळावीच लागते. या वेळी मात्र घर आणि तार यांपासून लांब लावा.

झाड वाऱ्यानंच घरावर पडलं असेल तर उचलायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्या.

७. गटानं काय करावं?

हे एकटीचं ओझं असायला नको. पावसाळ्याआधी गटानं वस्तीत एक फेरी मारावी आणि धोक्याच्या झाडांची यादी ग्रामसंघात ठेवावी. चार-पाच घरांचं काम एकाच वेळी दिलं तर मजुरांची टोळी एकदाच येते आणि भावही कमी करून मागता येतो. अंगणवाडी, शाळा, देवळाजवळची झाडं असतील तर गटाच्या ठरावासह ग्रामपंचायतीला लेखी कळवा. ज्या ताईकडे पैसे नाहीत, तिला अंतर्गत कर्जातून मदत करता येते. एकटी राहणाऱ्या ताईच्या घरी काम असेल त्या दिवशी गटातल्या दोघींनी तिथे हजर राहावं. दोन साक्षीदार असले की मापही नीट होतं आणि बोलणंही.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या वस्तीत वाऱ्यात पडू शकेल असं कोणतं झाड आहे? ते कोणाच्या मालकीचं आहे?
2. त्यातलं पाडण्याजोगं कोणतं आणि छाटून भागेल असं कोणतं?
3. त्यातलं कोणतं झाड 1964 च्या कायद्याच्या यादीत येतं?
4. काडीनं एका झाडाची उंची मोजून पाहा. पडलं तर ते कुठपर्यंत येईल?
5. घेर 4 फूट आणि लांबी 12 फूट असलेल्या खोडाचे किती घनफूट? (उत्तर : 12)