पुरात भाव तिप्पट : कायदा कुठवर पोचतो?

प्रश्न : पुराच्या दिवसांत आमच्याकडे २० रुपयांची पाण्याची बाटली ५० रुपयांना विकली गेली. सामान हलवायला टेम्पोवाल्यांनी तिप्पट भाडे घेतले. अडलेल्या माणसाची अशी लूट थांबवणारा कायदा आपल्याकडे नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आहे, पण तुमच्या दोन तक्रारींना तो वेगवेगळा लागू होतो.

बाटलीचे सोपे आहे. दुकानदाराने छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे. त्यासाठी पूर यावा लागत नाही.

टेम्पोचे भाडे, सुटी भाजी, चार दिवसांसाठी घेतलेली खोली यांवर किंमत छापलेली नसते. तिथे सरकारने हुकूम काढल्याशिवाय कारवाईला आधार मिळत नाही. अधिकार मात्र भरपूर आहेत. मोटार वाहन कायद्याखाली राज्य सरकार मालवाहतुकीचे भाडे ठरवू शकते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे बचावकार्यासाठी जिल्हा प्राधिकरण मोबदला देऊन वाहने ताब्यात घेऊ शकते. अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली अन्नधान्य, औषधे, इंधन यांचे भाव बांधता येतात आणि यादीत नसलेली वस्तू सहा महिन्यांपर्यंत यादीत घालता येते. या अधिनियमाखालचा हुकूम मोडणाऱ्याला तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

करोनात हे घडले. १३ मार्च २०२० रोजी मास्क आणि सॅनिटायझर यादीत आले आणि आठवड्याभरात २०० मिलिलिटर सॅनिटायझरची किंमत १०० रुपयांवर बांधली गेली. महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवले : साध्या कक्षात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पण पीपीई किट त्यातून वगळले होते, त्यामुळे बिल फुगवायला तेवढी वाट उरली.

आपल्याकडे दर वेळी असा हुकूम निघावा लागतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मात्र आणीबाणी जाहीर होताच अन्न, इंधन, औषधे, निवारा अशा गरजेच्या गोष्टींचे भाव दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवण्यावर आपोआप बंदी येते. विक्रेत्याचा स्वतःचा खर्च वाढला असेल तर तेवढी वाढ तो सिद्ध करून घेऊ शकतो. अशी तरतूद आपल्याकडेही हवी, असे मला ठामपणे वाटते.

भाव वाढले की माल आपोआप येतो, तेव्हा सरकारने मध्ये पडू नये, असा यावर आक्षेप घेतला जातो. एरवी त्यात तथ्य आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूरु महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. तेव्हा भाव दहापट झाला असता, तरी त्या रस्त्याने ट्रक आला नसता. वाढीव पैसा फक्त आधीच साठा असलेल्याच्या गल्ल्यात जातो. मात्र होडीतून दूध आणणाऱ्याचा जादा खर्च धरलाच पाहिजे, नाहीतर तो आणणेच बंद करील.

अशी तरतूद होईपर्यंत पुरावा जमवणे तुमच्या हातात आहे. बिल मागा. दिले नाही तर बाटलीवरच्या किमतीचा फोटो घ्या आणि शक्यतो पैसे ऑनलाइन भरा, म्हणजे रकमेची नोंद राहते. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार करा. टेम्पोच्या भाड्याबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पुढच्या पावसाळ्याआधी दर ठरवून जाहीर करा, अशी मागणी गावाने मिळून करा. पाणी चढू लागल्यावर दरपत्रकाची वाट पाहायला कुणालाच सवड नसते.