अंगठ्याच्या भोकाचा कोन

बोलिंगचा स्वतःचा बॉल घ्यायला गेलेला माणूस वजन विचारतो, रंग बघतो, लेनवर तो किती वळेल याची चौकशी करतो. अंगठ्याचं भोक कोणत्या कोनात पाडणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. हात सुखात राहणार की दुखणार, हे त्या कोनावर ठरतं. माझ्या उजव्या अंगठ्याने याची पुरेपूर किंमत मोजली आहे, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

आधी कोन म्हणजे काय ते. बॉलचा व्यास सुमारे साडेआठ इंच. भोक सरळ बॉलच्या मध्यबिंदूकडे जात असेल तर त्याला शून्य पिच म्हणतात. भोकाचा तळ तळहाताच्या बाजूला झुकला की फॉरवर्ड पिच, तळहातापासून दूर गेला की रिव्हर्स. हा झुकाव अंशांत सांगत नाहीत. भोकाची मधली रेघ मध्यबिंदूला किती इंचांनी चुकवते, त्यावर तो मोजतात. १/८ इंच म्हणजे जेमतेम पावणेदोन अंश. कागदावर काढला तर डोळ्यांना धड दिसणारही नाही इतका फरक, पण चौदा पौंडांचं वजन हाताला लटकवून झुलवलं की अंगठ्याला तो लगेच समजतो. फॉरवर्डमध्ये अंगठा बॉलमध्ये जास्त वेळ राहतो, रिव्हर्समध्ये लवकर सुटतो. चांगल्या फेकीत अंगठा आधी निघतो आणि त्याच्या पाठोपाठ मधलं बोट आणि अनामिका बॉलला फिरकी देत सुटतात. हा क्रम बिघडला की पुढचं सगळं बिघडतं.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहते. इथला हिवाळा लांबलचक आणि बोलिंगची लीग साधारण सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत चालते. ऑफिसच्या टीममध्ये नाव घातलं आणि भाड्याचे बॉल पुरेनासे झाले, तेव्हा एका दुकानात स्वतःचा बॉल करून घेतला. माझी बोटं लांब. बोटांच्या भोकांपासून अंगठ्याच्या भोकापर्यंतचं अंतर, म्हणजे स्पॅन, त्यामुळे मोठा आला. दुकानातल्या मुलाने भिंतीवरचा तक्ता पाहिला. जितका स्पॅन मोठा तितका रिव्हर्स जास्त, हा जुना ठोकताळा. त्याप्रमाणे ३/८ इंच रिव्हर्स पिच पाडून बॉल माझ्या हातात दिला. माझा अंगठा मागे किती वाकतो, हे त्याने पाहिलं नाही.

माझा अंगठा ताठ आहे, मागे फारसा जातच नाही. अशा अंगठ्याला रिव्हर्स भोकात घातलं की बॉल मागे झुलतानाच तो निसटायला बघतो. मग हात आपोआप आवळतो. अंगठ्याचा सांधा वाकतो, टोक भोकाच्या भिंतीवर दाबलं जातं आणि मुळाशी भोकाची कड रुतते. रात्रीचे तीन गेम म्हणजे अशा चाळीस-पन्नास फेकी. आधी सांध्यावर घट्टा आला. मग अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीकडच्या बाजूला, दुखरा कडक भाग जाणवू लागला. पुढे शर्टाचं बटण लावताना तिथून अंगठ्याच्या टोकापर्यंत झिणझिण्या यायला लागल्या. लीगमधले जुने खेळाडू म्हणत, हात तयार होतोय, सवय होईल. नवी कोल्हापुरी चावते आणि वापरून वापरून पायाला बसते, तसं इथे होत नाही. भोक प्लास्टिकचं असतं, ते तसूभरही सैल होत नाही. झिजतो तो हातच.

डॉक्टरांनी त्या जागेवर बोटाने टिचकी मारली आणि झिणझिणी थेट टोकापर्यंत गेली. अंगठ्याच्या आतल्या बाजूने एक बारीक संवेदी नस जाते. भोकाच्या कडेने ती पुन्हा पुन्हा दाबली गेली की तिच्याभोवती जाड आवरण धरतं. या दुखण्याला वैद्यकात बोलर्स थंब असंच नाव आहे. वेळेत थांबलं तर विश्रांती, अंगठ्याला संरक्षक टोपण आणि भोकात बदल एवढ्यावर बहुतेकदा भागतं. दुर्लक्ष केलं तर प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. म्हणून हे आधीच सांगते: घट्टा ही एक गोष्ट, झिणझिण्या किंवा बधिरपणा ही दुसरी. दुसरी दिसली की त्या बॉलने एकही फेक टाकू नका. कोनाचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

हात बरा झाल्यावर मी दुसऱ्या एका दुकानात गेले. तिथले गृहस्थ वयाने मोठे, आयुष्यभर भोकं पाडत आलेले. त्यांनी बॉलकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला, मनगट धरलं आणि अंगठा हळूच मागे नेला. जिथे थांबला तिथे त्यांनी मान हलवली. मग हात उलटा करून घट्ट्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला, कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते पाहिलं. त्यानंतर हात खाली सैल सोडून उभं राहायला सांगितलं, आणि काही न धरता माझा अंगठा कोणत्या दिशेला बघतो ते न्याहाळलं. हे सगळं झाल्यावर त्यांनी वेगवेगळ्या कोनांची भोकं असलेला चाचणीचा बॉल काढला आणि एकेका भोकात अंगठा घालायला लावला. शून्याच्या जवळच्या भोकात अंगठा गेला, तेव्हा बॉल उचलताना सांधा वाकला नाही. आवळावंच लागलं नाही.

जुन्या भोकात प्लास्टिकची गुल्ली बसवलेली होती, तिला स्लग म्हणतात. ती काढून नवी बसवली आणि १/८ इंच रिव्हर्सवर भोक पाडलं. स्पॅन तेव्हा मुद्दामच बदलला नाही. कोन बदलला की स्पॅनही हाताला वेगळा लागतो, आणि दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. स्पॅन थोडा कमी केला तो नंतर, काही आठवडे खेळून झाल्यावर.

माझ्या उदाहरणावरून सगळ्यांनी रिव्हर्स कमी करावा, असा अर्थ कृपा करून काढू नका. आमच्याच लीगमध्ये एका मित्राचं अगदी उलट झालं होतं. त्याचा अंगठा मागे जवळजवळ काटकोनात वाकतो. त्याच्या बॉलला शून्य पिच होता आणि त्याचा अंगठा भोकात अडकायचा. बॉल सुटायचा उशिरा, हवेत उडायचा आणि लेनवर धाडकन आदळायचा. अंगठ्याच्या पाठीवरची कातडी सोलून निघायची. त्याला रिव्हर्स वाढवून दिल्यावर बॉल लेनवर गुळगुळीत उतरायला लागला. ज्या कोनाने माझा हात बिघडवला, जवळपास त्याच कोनाने त्याचा हात सुधारला. म्हणून मित्राचा बॉल हातात घेऊन ‘हा मस्त बसतो, असाच करून द्या’ असं दुकानात सांगू नये.

आतापर्यंतचा कोन पुढे-मागे झुकण्याचा होता, बाजूकडचा कोन वेगळा. भोक तळहाताखाली झुकलं तर अंगठा जास्त टिकतो, बाहेरच्या बाजूला झुकलं तर लवकर निघतो. अंगठ्याच्या एकाच बाजूला लालसर घासल्याची खूण येत असेल तर ड्रिलरला, म्हणजे भोक पाडणाऱ्याला, ती जागा दाखवा आणि बाजूचा कोन तपासायला सांगा. हात सैल सोडल्यावर अंगठा जिकडे झुकतो, ती दिशा इथे उपयोगी पडते.

पण कोनाला दोष देण्याआधी भोकाचा आकार बघा. मोठ्या भोकातही हात आवळावाच लागतो आणि लक्षणं तीच दिसतात. शिवाय बहुतेकांचा अंगठा गोल नसतो, थोडा चपटा असतो. गोल भोक एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने ढिलं बसतं. चांगला ड्रिलर ते लंबगोल करून देतो आणि कड हाताने घासून गोलसर करतो. ही कड फार महत्त्वाची, माझ्या नसेला दुखावलं ते हिनेच. आणि माप बाहेरच्या थंडीतून आल्या आल्या देऊ नका. जानेवारीत गाडीतून उतरून आत येईपर्यंत माझा अंगठा एक माप बारीक झालेला असतो आणि दुसऱ्या गेमपर्यंत पुन्हा फुगतो. आधी थोडं खेळा, हात गरम होऊ द्या, मग माप द्या. रोजच्या कमी-जास्तीसाठी भोकात लावायच्या चिकटपट्ट्या मिळतात. थंडीत एखादी वाढवायची, हात फुगला की काढायची. त्यासाठी कोनाला हात लावायची गरज नाही.

भारतातल्या मॉलमध्ये कधीमधी मित्रांबरोबर खेळणाऱ्यांनी यात पडायचं कारण नाही. भाड्याच्या बॉलचं भोक कोणाच्याच हाताचं नसतं, त्यात अंगठा सहज जातो-येतो एवढं बघावं. हलक्या बॉलची भोकं सहसा लहान असतात. अंगठा अडकत असेल तर एक-दोन पौंड जड बॉल घेऊन पाहावा, पण तो झेपत असेल तरच.

अंगठ्याचाच वैताग आला तर अंगठ्याशिवाय खेळणंही आज परकं राहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टे दोन्ही हातांनी, अंगठा न घालता फेकतो आणि त्याच जोरावर तो या खेळातल्या सर्वांत यशस्वी व्यावसायिकांपैकी एक झाला. मात्र अमेरिकेतल्या अधिकृत स्पर्धांच्या नियमांत ऑगस्ट २०२० पासून बॉलवरचं प्रत्येक भोक पकडीसाठी वापरलं जाणं बंधनकारक आहे. तेव्हा जुन्या बॉलचं अंगठ्याचं भोक तसंच ठेवून लीगमध्ये बिनअंगठ्याने खेळता येत नाही, ते बुजवावं लागतं. आणि या पद्धतीत पाठ, गुडघे आणि मनगट यांच्यावर वेगळा ताण येतो, तो विचार करूनच तिकडे वळावं.

बॉल पसंत पडला की ड्रिलरकडून एका कार्डावर चार गोष्टी लिहून घ्या: दोन्ही बोटांपर्यंतचा स्पॅन, अंगठ्याचा पुढचा-मागचा कोन, बाजूचा कोन आणि भोकाचं माप. खाली तारीख घाला. पुढचा बॉल दुसऱ्या गावात, दुसऱ्या दुकानात केला तरी हे आकडे दाखवता येतात. तरीही दर दोन-तीन वर्षांनी अंगठा पुन्हा वाकवून बघायला सांगा. वयाबरोबर सांधे ताठ होतात, बाळंतपणात आणि वजन बदललं की बोटं बदलतात, आणि संधिवात असेल तर मागच्या हंगामातला कोन या हंगामात चालेलच असं नाही.