राजा, राष्ट्रपती आणि तुमसरचं धान

प्रश्न : इंग्लंडात राजा आहे, आपल्याकडे राष्ट्रपती. पण कारभार दोन्हीकडे पंतप्रधानच हाकतात. मग घटनात्मक राजेशाही आणि संघराज्यीय प्रजासत्ताक यांत फरक उरतो तो काय? आणि त्या फरकाशी तुमसरसारख्या गावाला काही देणंघेणं आहे का? धानाचे चुकारे अडले की आमच्याकडे कुणीतरी म्हणतोच, थेट राष्ट्रपतींना पत्र टाका. त्याचा उपयोग होतो का?
— एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवू. देशाच्या प्रमुखपदी जन्मानं आलेला माणूस बसतो की निवडून आलेला, हा एक प्रश्न. सगळी सत्ता एकाच राजधानीत असते की घटनेनंच ती केंद्र आणि राज्यं यांच्यात वाटून दिलेली असते, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर कळत नाही. फ्रान्स प्रजासत्ताक आहे, पण संघराज्य नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया पक्की संघराज्यं आहेत आणि दोन्ही देशांचा राजा तिसरा चार्ल्स. मलेशियानं तर कमालच केली आहे. तिथे नऊ राज्यांचे वंशपरंपरागत शासक आपल्यातूनच एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. म्हणजे राजेशाही आहे, संघराज्य आहे आणि वर राजाची निवडणूकही आहे.

तुमसरला राजेशाही परकी नाही. रघुजी भोसले तिसरे १८५३ साली वारस न ठेवता गेले आणि डलहौसीनं नागपूरचं राज्य, ज्यात तुमसर होतं, खालसा केलं, इथपर्यंतची गोष्ट शाळेत शिकवतात. पण १५ ऑगस्ट १९४७ ते २५ जानेवारी १९५० या काळात स्वतंत्र भारत हीच एक घटनात्मक राजेशाही होती, हे सहसा कुणी सांगत नाही. आपण तेव्हा डोमिनियन होतो आणि सहावा जॉर्ज आपला राजा होता. दिल्लीत त्याच्या वतीनं आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. तुमसर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं, राजधानी नागपूर, प्रांताचा कारभार रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळाकडे. प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली १५ ऑगस्ट १९५० ला. तोवर तुमसरच्या बाजारात धान विकून जी मोड हाती यायची, तिच्यावर राजाचं मुंडकं असायचं.

त्या अडीच वर्षांत राजानं इथे काय केलं? काहीही नाही. नेहरू आणि पटेल सांगतील तसं गव्हर्नर जनरल सही करत. घटनात्मक राजेशाहीचं सगळं यंत्र याच एका गोष्टीवर चालतं : सही राजाची, निर्णय मंत्र्यांचा, आणि जाब द्यायचा तो मंत्र्यांनीच, निवडून आलेल्या सभागृहाला. ब्रिटनमध्ये संसदेनं मंजूर केलेलं विधेयक राजगादीवरून नाकारलं गेलं, त्याला तीनशेहून अधिक वर्षं झाली. ते शेवटचं नाकारणं राणी ॲनचं, १७०८ सालचं. आजही संसदेचं अधिवेशन सुरू होताना राजा जे भाषण वाचतो, ते सरकारनं लिहून दिलेलं असतं. मुंबईत राज्यपाल वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात अभिभाषण वाचतात, ते याच घराण्यातलं. ‘माझं शासन’ म्हणायचं राज्यपालांनी, मजकूर मंत्रिमंडळाचा.

मग २६ जानेवारी १९५० ला बदललं काय? रोजच्या कारभारात फारसं नाही, हे कबूल करायला हवं. आपण ब्रिटिशांची बैठक तशीच ठेवली आणि फक्त खुर्चीवरचा माणूस निवडायला लागलो. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालायचं, हे सुरुवातीला संकेतानं होतं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ते घटनेच्या ७४ व्या कलमात स्पष्ट लिहिलं गेलं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं राष्ट्रपतींना एक सवलत मिळाली : सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, पण तोच पुन्हा आला तर मान्य करावा लागतो.

फरक दिसतो तो खुर्ची रिकामी झाली की. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेल्या, त्याच क्षणी चार्ल्स राजे झाले. कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. आपल्याकडे मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती गिरींनी काम पाहिलं, पण स्वतः निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा महिनाभर देशाचे प्रमुख होते सरन्यायाधीश हिदायतुल्ला, नागपूर हायकोर्टाचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश. त्याच काळात निवडणूक झाली. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तुमसरलाही हिस्सा आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या भागिले २८८ आमदार, पुन्हा भागिले एक हजार, असं ते काढलेलं आहे. तुमसरच्या आमदाराच्या खिशात ही १७५ मतं असतात. शिवाय राष्ट्रपतींवर महाभियोग चालवून त्यांना काढता येतं. राजाच्या बाबतीत तशी रीतसर वाट नाही. आठव्या एडवर्डनं १९३६ मध्ये गादी सोडली, ती सही स्वतःच करून.

जन्मानं किंवा मोठेपणानं जागा मिळत नाही, याचा दाखला तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर उभे होते. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, देशाचा पहिला कायदामंत्री, आणि भंडाऱ्यानं त्यांना पाडलं. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. मला हा निकाल आजही बोचतो. पण त्याच काळात लंडनच्या वरच्या सभागृहात शेकडो सरदार केवळ बापाची गादी मिळाली म्हणून बसत होते, आणि त्यातल्या बहुतेकांची ती सोय संपायला १९९९ साल उजाडलं, हेही शेजारी ठेवून बघावं.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तुमसरच्या माणसाला खरा भिडणारा हाच. तुमच्या धानाचंच घ्या. हमीभाव ठरवते दिल्ली. आधारभूत खरेदी केंद्रावर सातबारा घेऊन तुम्ही रांगेत उभे राहता, ते केंद्र चालतं राज्याच्या पणन महासंघाच्या नाहीतर आदिवासी विकास महामंडळाच्या देखरेखीखाली. वरचा बोनस, मग तो क्विंटलमागे असो की हेक्टरी, जाहीर करतं राज्य सरकार, म्हणून नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं की तुमच्याकडचे कान टवकारतात. भरडाई झालेला तांदूळ जातो रेशनच्या दुकानात, आणि त्यामागे कायदा संसदेचा आहे. एका पोत्याला दोन सरकारांचे हात लागतात. म्हणूनच चुकारे अडले की मुंबई दिल्लीकडे बोट दाखवते आणि दिल्ली मुंबईकडे. सत्ता वाटली की जबाबदारीही वाटली जाते आणि वाटता वाटता ती हरवतेही, हा संघराज्याचा जुना दोष आहे.

खाणींचंही असंच. चिखला आणि डोंगरी बुजुर्गचं मँगनीज पूर्वी एका ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात होतं. १९६२ मध्ये मॉइल ही मँगनीज कंपनी उभी राहिली, तेव्हा ५१ टक्के भांडवल भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशा तिघांचं मिळून होतं. उरलेलं १९७७ मध्ये त्या ब्रिटिश कंपनीकडून घेतलं. कंपनी केंद्राच्या पोलाद मंत्रालयाखाली, आणि निघालेल्या खनिजाचं स्वामित्वधन राज्याला. रेल्वेचा मात्र विषय सोपा, ती पूर्णपणे केंद्राची. देव्हाडीच्या तुमसर रोड जंक्शनवरून तिरोडीला जाणारी गाडी राज्याची हद्द ओलांडते, तेव्हा तिला कुणाची परवानगी लागत नाही. पाण्याला लागते. पाणी राज्यांचा विषय, त्यामुळे बावनथडीचं धरण दोन राज्यांना समझोता करून, संयुक्त प्रकल्प म्हणूनच बांधावं लागलं.

आपलं संघराज्य एका बाबतीत अमेरिकेहून फार वेगळं आहे, आणि तुमसरनं ते सोसलंय. तिथे एखाद्या राज्याचा तुकडा त्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय काढता येत नाही. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसद साध्या बहुमतानं राज्याच्या सीमा बदलू शकते. राज्याचं मत फक्त मागवायचं, ऐकायलाच हवं असं नाही. १९५० मध्ये तुमसर मध्य प्रदेशात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही, पण हाकेवरची नागपूरची राजधानी जाऊन राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची मुंबई आली. मधल्या काळात राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला ठेवायलाही कुणाची संमती लागली नाही.

केंद्राकडे झुकतं माप आपण घेतलं ते बऱ्याच अंशी कॅनडाकडून, म्हणजे एका राजेशाहीकडून. उरलेसुरले अधिकार केंद्राला, राज्याचा नामधारी प्रमुख केंद्रानं नेमायचा, हे तिथलंच. अमेरिकेत गव्हर्नर लोक निवडतात. आपल्याकडे राज्यपाल दिल्लीहून येतात, आणि राज्यात सरकार अधांतरी असलं की त्यांची सही एकदम वजनदार होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे उठली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी उरकला, हे आपण सर्वांनी पाहिलं. असा प्रसंग ब्रिटनच्या राजावर येत नाही, कारण त्याला नेमणारं वरचं सरकारच नाही. नामधारी पदाचा राजकारणासाठी वापर होण्याचा धोका आपल्या राजभवनांत जास्त आहे, असं माझं मत आहे.

राहिला पत्राचा प्रश्न. राष्ट्रपतींना जरूर लिहा, तुमचा हक्कच आहे. पण राष्ट्रपती सचिवालय तो अर्ज संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्य सरकारकडे पाठवतं. तिथून तो जिल्ह्यात उतरतो. चुकाऱ्यासाठी भंडाऱ्याच्या जिल्हा पणन अधिकाऱ्यांकडे खरेदीच्या पावतीची प्रत जोडून अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक आमदारांना द्या. आमदारांना ती अधिवेशनाच्या आधी मिळेल असं बघा, म्हणजे सभागृहात प्रश्न विचारता येतो आणि मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं.