घरातील उपद्रवी जीव आणि आपल्या प्रयत्नांची सीमा

पावसाळा स्थिरावला की कोकणातील जुन्या घरांतून एकच गाऱ्हाणे ऐकू येते. धान्याच्या डब्यापाशी मुंग्यांची रांग, माळ्यावर उंदरांची धावपळ आणि भिंतीवर मातीच्या नळ्या काढीत चढणारी वाळवी. गेल्या वर्षी आमच्या घरी वाळवीने लाकडी कपाटाची पाठ पोखरली आणि आजोबा ज्यातून तिलावत करीत, त्या कुरआनच्या प्रतीपर्यंत ती पोहोचली. उरलेली पाने स्वच्छ कापडात गुंडाळून, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी दफन करताना आमच्या फुफी म्हणाल्या, "घराला कोणाची तरी नजर लागली आहे." कोणी एका बाबाचे नावही सुचविले.

नजर लागते, हे हदीसवरून सिद्ध आहे. परंतु प्रत्येक नुकसानीचे खापर तिच्यावर फोडण्यापूर्वी कपाट कोठे होते हे पाहावयास हवे. ते ओलसर भिंतीला टेकलेले होते. वाळवी जमिनीतून ओलाव्याच्या आधाराने वर येते. तिची राणी वारुळाच्या गाभ्यात सुरक्षित राहून दिवसाला हजारो अंडी घालते. भिंतीवरची नळी खरवडून वारूळ नष्ट होत नाही. आणि सूरह सबाची 14 वी आयत आठवावी. ह. सुलैमान (अ.) यांचे निधन झाले तेव्हा ज्या काठीवर त्यांचा देह टेकलेला होता, ती जमिनीतील एका किड्यानेच खाल्ली. जिन्न ज्यांच्या आज्ञेत होते, त्या प्रेषितांची काठी सुटली नाही, तेथे आमच्या कपाटाची काय कथा! "कपाट आधीच हलविले असते तर" हा विचार मला अनेक रात्री छळीत राहिला. संकट आल्यानंतरचे हे "असते तर" शैतानाला वाट करून देते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे. त्याच हदीसमध्ये हिताच्या गोष्टीसाठी झटण्याची आणि हतबल न होण्याची आज्ञाही आहे, हे मात्र आपण विसरतो.

झटावयाचे किती? ह. जाबिर (र.) यांच्या हदीसमध्ये रात्री दारे लावण्याची, दिवे मालविण्याची आणि भांडी झाकण्याची सूचना आहे. दिवा का मालवावा, याचे कारणही सांगितले आहे: उंदीर जळती वात ओढून नेतो आणि घराला आग लावतो. भांड्यावर ठेवण्यास काहीच नसेल, तर अल्लाहचे नाव घेऊन एक काडी आडवी ठेवावी. आडव्या काडीने झुरळ अडत नाही, हे कोणालाही कळते. तरीही ती ठेवावयाची, कारण त्या क्षणी आपल्या हाती तेवढेच असते.

सीमा साधनांनाही आहे. उंदीर व विंचू यांना हरमच्या हद्दीतही मारण्याची परवानगी आहे. पण मारतानाही उत्तम रीतीने मारावे, असा आदेश आहे. एकदा आम्हीही चिकट पत्रा लावला होता. फज्रसाठी उठलो तेव्हा उंदीर जिवंत होता, कातडी सोलवटलेली, आणि आमची धाकटी त्याच्यापुढे उकिडवी बसून रडत होती. उंदीर मारण्याची परवानगी आहे, हे मी तिला सांगू शकलो असतो. त्याला रात्रभर असे ठेवण्याची परवानगी कोठे आहे, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्यानंतर घरात एका झटक्यात काम संपविणारा सापळाच येतो.

मुंग्यांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. एका प्रेषितांना मुंगी चावली म्हणून त्यांनी सारे वारूळ जाळविले, तेव्हा अल्लाहने त्यांना जाब विचारला की, एका मुंगीपायी तस्बीह करणारा एक समुदाय का जाळला? आगीची शिक्षा देण्याचा अधिकार अग्नीच्या स्वामीचाच आहे. साखरेचा डबा घट्ट लावणे, सांडलेले पुसणे, फट बुजविणे हे आधी करावे. मुंग्यांचा उपद्रव खराच असह्य झाला आणि अन्य मार्ग उरला नाही, तर फुकहांनी मारण्याची मुभा दिली आहे. पण आपल्याकडे उकळत्या पाण्याची किटली फार लवकर उचलली जाते.

यंदा वाळवीचे औषध मारून घेतले. नवी प्रत लोखंडी कपाटात, भिंतीपासून वीतभर दूर आहे. परवा दाराच्या चौकटीला पुन्हा मातीची एक नळी दिसली. ती खरवडली आणि औषधवाल्याला निरोप धाडला. फुफी रात्री हंड्यावर झाकण ठेवताना बिस्मिल्लाह जरा मोठ्यानेच म्हणतात.