वृद्धाश्रमात मुलांना काय पाहायला सांगाल?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, मुलांना वृद्धाश्रमात नेलं की आपण फळं वाटतो, फोटो काढतो नि परततो. यंदा त्यांना थोडं नीट पाहायला सांगा. संडासात धरायला दांडा आहे का? बेल पलंगावरून हाताला येते का? अंघोळीची वेळ आजी ठरवतात की कर्मचारी? व्हीलचेअर ढकलण्याआधी कुणी विचारतं का? (आपणही विचारत नाही बरं का!)

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार राज्याला जिल्ह्यात किमान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढता येतो, तिथल्या सेवांचा दर्जाही ठरवता येतो. चहाची वेळ मात्र कायद्यात नाही.

आमच्या चौथीतल्या एका मुलीनं आजोबांना विचारलं, "तुम्हाला चहा कधी लागतो?"

"पहाटे पाचला. इथं सातला मिळतो."

तिनं ते वहीत लिहून घेतलं.